शेवटची फळी

बॉयलर दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. कारखान्यातले लोक त्याला ‘कप्तान’ म्हणत, पण ते कौतुकानं मुळीच नव्हतं. शिडाची जुनी बोट घेऊन लांबच्या सफरीला जाणार, असं तो लग्न झाल्यापासून सांगत आला होता, आणि आजवर त्यानं साधं वल्हंसुद्धा घेतलं नव्हतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातली गत. बघितलेल्या प्रत्येक बोटीत कुठेतरी एक फळी कुजलेली निघायचीच.

ती शोधून काढायची त्याची बायको. कारखान्यातल्या ठणठणाटात त्याचे कान केव्हाच बाद झाले होते, म्हणून दोघांनी आपली एक पद्धत बसवली होती. तो बाहेरून लाकडी हातोडीनं फळीवर ठोकायचा, ती बोटीच्या आत बसून फळीला कान लावायची. आवाज टणक आला तर आतून एक ठोका द्यायची, बद्द आला तर दोन. तो फळीवर तळवा टेकून उभा राहायचा आणि ठोके त्याला हातात कळायचे. अख्खी बोट एकेका ठोक्यानं पार पडायची आणि सुकाणूजवळच्या शेवटच्या फळीवर हमखास दोन ठोके यायचे. मग ती हात झटकत बाहेर येऊन म्हणायची, “चांगली होती हो. पण आता काय करणार?” आणि दोघं धक्क्यावर बसून डबा खायची.

आता सांगा, जन्मभर लोखंड ठोकत आलेल्या माणसाच्या तळव्याला टणक काय नि कुजकं काय हे कळणार नाही? पहिल्याच बोटीला कळलं होतं. धडधाकट फळी होती ती. घरी येऊन तो बायकोशी धड बोललाही नव्हता. तिला पाण्याची भीती वाटत होती आणि ते कबूल करायचं नव्हतं, एवढंच. पण पुढच्या रविवारी तीच डबा भरून दारात उभी राहिली, “चला, आज कुठली बघायची?” म्हणून. तेव्हा त्यानं तोंडाला कुलूप लावलं ते कायमचं. आपल्याला जाऊ न देणारं कुणीतरी आत बसलंय, हे त्याला हळूहळू बोटीपेक्षा जास्त आवडायला लागलं होतं.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला, आणि आज सकाळी मात्र हातोडी घेऊन निघाला. लेक सोबत आली, पण कुरकुरतच.

“बाबा, या वयात एकटे कुठं जाणार तुम्ही?”

“बघायला काय जातंय?” तो म्हणाला. तिच्या ओठांवरची कुरकुर बघून त्याला बरं वाटलं होतं.

बोट एका निवृत्त मास्तरांची होती. दंडात शीड ओढायची ताकद राहिली नाही म्हणून विकायला काढलेली. टेकू लावून ती यार्डात उभी केली होती. आत दोन अरुंद बाक, लाटांत कलंडू नये म्हणून टांगलेला स्टोव्ह, आणि दोन कपांसाठी दोन खिळे. लहानपणी आईच्या मांडीवर बसून लेकीनं हे ठोक्यांचं सगळं पाहिलेलं, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि फळीला कान लावून बसली.

तो ठोकत गेला. एक, पुन्हा एक, पुन्हा एक. मास्तर मागून कौतुकानं बघत होते. सुकाणूजवळ आल्यावर एकच फळी उरली. त्यानं ठोकलं, तळवा टेकला आणि थांबला.

एक ठोका आला.

दुसरा मागून येईल म्हणून तो थांबून राहिला. मग त्यानं पुन्हा ठोकलं, जरा जोरात. पुन्हा एकच.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तो ओठ वाचू शकेल अशी ती समोर उभी राहिली. “फळ्या सगळ्या टणक आहेत, बाबा. दोन द्यावेत असं खूप वाटलं मला. पण आई गेल्यापासून आज पहिल्यांदा तुम्ही हौसेनं बाहेर पडलात. मी नाही अडवणार. जा तुम्ही.”

किती मायेनं बोलली पोर. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

“मग कप्तान, ठरलं ना?” मास्तरांनी मोठ्यानं विचारलं.

“नाही मास्तर. ही शेवटची फळी कुजलीय.”

मास्तर वाकून फळीकडे बघायला लागले. लेकीनं त्याची बाही धरली. “बाबा, मी एकच ठोका दिला होता.”

“हो गं,” तो म्हणाला, “एकच आला.”

त्याचा तळवा अजून फळीवरच होता.