पेटी आमची, किटली त्यांची

आमच्याकडे एक रिकामी लाकडी पेटी आहे. शंभर वर्षांपूर्वीची, जपानची, झाकणावर कारागिराची शाईतली सही. आतली चांदीची किटली कुठे गेली देव जाणे, पण आमच्या ह्यांनी पेटीला माझं कपाट दिलं आणि माझे कपडे पलंगाखाली गेले.

जुनी जपानी चांदी जमवणाऱ्यांत म्हणे पेटीविना किटली अर्धी. अशीच एक अर्धी किटली, त्याच कारागिराच्या शिक्क्याची, चौकातल्या टेलरभाऊजींकडे निघाली. दोन वर्षं झाली, दर रविवारी ते ती टॉवेलात गुंडाळून आणतात.

"किटली मला द्या," हे म्हणतात.

"पेटी मला द्या," भाऊजी म्हणतात.

"अहो, आधी बसते का बघा," मी म्हटलं, तर दोघं एका सुरात, "आधी कोणाकडे राहणार ते ठरू दे!"

एकाने सर्व्हेअर म्हणून जन्मभर जमिनी मोजल्या, दुसऱ्याच्या गळ्यात सदा टेप. पण मोजायचं काही सुचलं नाही! शेवटी दोघं गॅलरीत भांडत असताना, भाऊजींनी खुर्चीवर काढून ठेवलेल्या टेपने मी मोजलं. किटली पेटीपेक्षा दोन बोटं जास्त रुंद भरली.

मी तोंड मिटून घेतलं. निवृत्त झाल्यापासून हे आठवडाभर हं नि हूं करतात. भाऊजींना तर बायको गेल्यापासून घर खायला उठतं. रविवार बंद पडला तर या दोघांचं काय?

गेल्या रविवारी आमची लेक आली होती. भांडण ऐकून वैतागली. "काय पोरखेळ चाललाय! आणा ती किटली, मी घालून दाखवते."

मी पेटी उचलली आणि स्वयंपाकघरात पळाले. "थांब गं! आत तांदूळ भरलेत, रिकामी करते!"

हे मागोमाग आले. आता खैर नाही, मी मनात म्हटलं. शंभर वर्षांच्या पेटीत तांदूळ! पण ह्यांनी तांदळाचा डबा काढला आणि रिकाम्या पेटीत उपडा केला.

"दोन बोटं," हे पुटपुटले. "मी पहिल्याच रविवारी मोजली होती."

तेवढ्यात बाहेरून भाऊजींची हाक आली.

"वहिनी, सावकाश! दोन बोटांसाठी कसली घाई?"