दुसरा खोकला

पत्र्याच्या चपट्या डबीत खोकल्याच्या गोळ्या हलल्या की जो आवाज होतो, तो माझ्यासाठी मिस थॉर्नलींचा आवाज. त्या स्वतः फार कमी बोलत, डबीच बोले. खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत त्या बसलेल्या असत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं नोव्हेंबरातलं ऊन दुपारी तीनलाच पिवळं पडून त्यांच्या गुडघ्यांवरच्या शालीपर्यंत येऊन थांबे, आणि शालीखाली उजव्या हाताची बोटं त्या डबीशी अखंड चाळा करत राहत. खोलीभर निलगिरीचा वास. एक्क्याण्णव वर्षांच्या त्या देहात सगळं विझत आलं होतं, दृष्टी तर जवळजवळ गेलीच होती. कान मात्र असे तल्लख, की कॉरिडॉरच्या पार टोकाला कुणी खोकलं तरी त्यांचा खांदा दचकून वर जाई. त्या खोकल्याला भीत असत, हे मला पहिल्याच बुधवारी कळलं.

आणि मी त्यांना भिणार, हेही त्याच बुधवारी ठरलं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरात बसून मी सगळ्यांच्या चुका काढत असे, म्हणून माझी मुलगी ईशा हिनं मला टाऊनशिपच्या लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून अडकवलं. काम सोपं होतं: वृद्धाश्रमात जायचं, ज्यांना दिसत नाही त्यांना तासभर वाचून दाखवायचं. दाराशेजारच्या पाटीवर मी बाईंचं नाव वाचलं आणि ठोठावायला उचललेला हात खाली घेतला. ते नाव मी एकविसाव्या वर्षी वाचलं होतं, नागपूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात, वाळवीनं कोपरा खाल्लेल्या एका पातळ पुस्तकावर.

तीन अंकी इंग्रजी नाटक होतं ते. मी ते मराठीत आणलं, लंडनची गल्ली काढून नागपूरच्या धंतोलीतली घातली, चहाच्या टेबलाच्या जागी पाट मांडले, आणि हस्तपत्रिकेवर ठसठशीत छापून घेतलं: लेखन आणि दिग्दर्शन, सुषमा. आमच्याकडे तशी रीतच होती. फार प्रामाणिक माणूस असला तर ‘एका परकीय नाटकावर आधारित’ एवढी ओळ बारीक अक्षरात टाकायचा; मी तेवढीही प्रामाणिक नव्हते. ‘लंडनहून कोण येतंय विचारायला?’ असं आमचे सर हसत म्हणाले होते. लंडनहून कुणीच आलं नाही, हे खरं. चाळीसहून जास्त वर्षांनी मीच माझ्या पायांनी चालत त्यांच्या दाराशी गेले.

ग्रंथालयाचं ते पुस्तक मी कधी परत केलं नाही. लग्नानंतर ते माझ्या बॅगेतून अमेरिकेला आलं. इथल्या मराठी मंडळात ते नाटक दोनदा झालं, आणि ‘आपल्या लेखिका’ म्हणून मला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्या बुधवारी घरी आल्यावर ती शाल मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली, वर ब्लँकेटं रचली, आणि उगाचच दाराची कडी दोनदा तपासली.

पुढच्या बुधवारांमधून, एखाद्या जुन्या भिंतीचा रंग पोपडे निघत निघत दिसावा तसं, बाईंचं रंगभूमीवरचं आयुष्य मला थोडं थोडं दिसत गेलं. समुद्रकाठच्या एका लहान गावातून त्या लंडनला आल्या, सव्विसाव्या वर्षी पहिलं नाटक लागलं, आणि पुढच्या काही वर्षांत पाच नाटकं झाली; दोन चांगली चालली, गावोगाव फिरली. पण शुभारंभाच्या प्रयोगाला त्या एकदाही खुर्चीत बसल्या नाहीत. दारात उभं राहून येणाऱ्यांचे गळे न्याहाळत त्या स्वतःच्या हातानं गोळ्या वाटत, आणि पडदा वर गेला की शेवटच्या रांगेमागे जाऊन, रंगमंचाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही मुठी छातीशी धरून उभ्या राहत. लोक नाटक बघतात डोळ्यांनी, पण कंटाळतात घशानं, असं त्यांचं म्हणणं. सगळी कीर्ती, सगळी टीका, सगळं यश त्यांनी असं पाठमोरं, कानांनी झेललं.

सहावं नाटक, मी चोरलेलं तेच, त्या घशानंच मारलं. तिसऱ्या अंकात आई एकटी बसलेली असते, घर सोडून गेलेली मुलगी कित्येक वर्षांनी येऊन दार ठोठावते, आणि मग रंगमंचावर काही म्हणजे काहीच घडत नाही. नुसती दीर्घ, जीवघेणी शांतता. त्या शांततेत एक खोकला आला. सांगता सांगता बाईंची डबी थांबली. “पहिला खोकला माणसाचा असतो,” त्या म्हणाल्या. “दुसरा प्रेक्षकांचा.” दुसरा आला, आणि मग सगळं सभागृह खोकू लागलं. चौथ्या प्रयोगानंतर नाटक उतरवलं. घरातल्या सगळ्या प्रती त्यांनी शेगडीत घातल्या, बहिणीकडे न्यू जर्सीला आल्या, कॉलेजातल्या मुलींना स्पष्ट बोलायला शिकवत राहिल्या. पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

इथवर ऐकून मी सुटले असते. पण एका बुधवारी, मी रहस्यकथेचं पान उलटत असताना, त्यांनी न बघणारे डोळे माझ्याकडे वळवले. “शेवटी ती दार उघडते का? मला आठवत नाही. मीच लिहिलं, आणि मला आठवत नाही.” त्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुसरा शब्द नाही, ती भीती होती, आपल्याच घरात चुकलेल्या माणसाची. मला उत्तर माहीत होतं. त्या क्षणी जगात बहुधा मला एकटीलाच माहीत होतं. आणि मी म्हणाले, “मला कसं माहीत असणार?”

त्यानंतर प्रत्येक बुधवारी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. पार्किंगमध्ये गाडी लावून मी दहा-दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसत असे. उत्तर द्यायचं तर पुस्तक दाखवायला हवं, पुस्तक दाखवायचं तर चोरी सांगायला हवी. ईशाला शेवटी सांगितलं, तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “आई, जस्ट टेल हर. शी इज नाइंटी-वन. काय करणार आहे ती तुला?” इथे जन्मलेल्या मुलांना पोलिसांचं भय असतं, टॅक्सचं असतं, एका म्हाताऱ्या बाईच्या नुसत्या गप्प बसण्याचं भय कसं असतं, ते तिला कसं समजावणार. त्याच आठवड्यात मंडळाच्या देवधर काकांचा फोन आला. वर्धापनदिनाला माझंच नाटक पुन्हा करायचं ठरत होतं. “तुमचं ते दाराचं नाटक, ताई. क्लासिक आहे यार ते.” मी हो म्हटलं. भित्र्या माणसाला नाही म्हणणंसुद्धा जमत नाही.

जानेवारीत बाईंना खोकला झाला. स्वतःच्या प्रत्येक ढासेनंतर त्या शरमून तोंडावर रुमाल धरत आणि कुणाची तरी क्षमा मागत. बाहेर झाडांवर बर्फ चिकटून होतं, खोलीतला उजेड दुधाळ होता, आणि दर खेपेला त्यांचा श्वास आधीपेक्षा उशिरा परत येत होता. आता नाही तर कधीच नाही, एवढं मलाही कळलं. पुढच्या बुधवारी मी पुस्तक नेलं.

तिसरा अंक मी वाचला. माझा आवाज इतका कापत होता की आईची वाक्यं आपोआपच बरोबर वठली. दार ठोठावलं जातं. ती ऐकते. पुन्हा ठोठावलं जातं. आणि मग ती शेवटची रंगसूचना: ती उठत नाही. मी पुस्तक मिटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, नागपूर, हस्तपत्रिका, शाल, वर्धापनदिनाचा प्रयोग, सगळं.

बाईंनी शालीखालची डबी एकदा हलवली. “उठत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “बरोबर. मुलगी आत आली असती तर ती काय बोलेल, ते लिहायची मला भीती वाटली होती.” मग त्यांची मान माझ्याकडे वळली. “माझं नाव काढलंस तू.”

“हो.”

“मग लोक खोकले ते कुणाला? तुला, की मला?”

“कुणीच खोकलं नाही,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं. नागपूरच्या त्या उकाड्यात आवाज नको म्हणून पंखे बंद केले होते, आणि घामानं निथळत माणसं श्वास धरून बसली होती.

“तुझ्या नावाला नसतील खोकले.” शालीखालून हात बाहेर आला आणि त्यांनी डबी माझ्या तळहातावर ठेवली. “माझं नाव घालून कर. दारात उभी राहून या वाट. मी येईन, मागे उभी राहीन.”

क्षमेचा शब्द नव्हता त्यात, आणि मी मागितलाही नाही.

त्या आल्या नाहीत. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी गेले तर दाराशेजारची पाटी काढलेली होती, मागे फिकट चौकोन तेवढा उरला होता. नाव काढलेली जागा कशी दिसते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

देवधर काका कासावीस झाले. “अहो ताई, फ्लायर प्रिंटला गेलंय. आता राइटरचं नाव चेंज केलं तर लोक काय म्हणतील?” “चोर म्हणतील,” मी म्हणाले. फ्लायर कॅन्सल केलं. एडिसनमधल्या शाळेच्या सभागृहात मी दाराशी डबी घेऊन उभी राहिले, आणि बडीशेपेच्या गोळ्या समजून लोकांनी दोन-दोन उचलल्या. पडद्यापुढे जाऊन मी बाईंचं नाव घेतलं, मी काय केलं होतं ते सांगितलं. टाळी पडली नाही. ओळखीच्या दोघी-तिघींनी नजर वळवली, ती अजून वळलेलीच आहे.

तिसऱ्या अंकाला मी शेवटच्या रांगेमागे जाऊन भिंतीकडे तोंड केलं. दार ठोठावल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग ती शांतता, जी मी वीस वेळा बसवून घेतली होती आणि ऐकत मात्र पहिल्यांदाच होते. रिकाम्या डबीचा पत्रा तळहातात रुतत होता. आणि डावीकडून, मधल्या रांगांतून, कुणी तरी खोकलं.

एकदाच. मी डोळे मिटले, मुठी छातीशी धरल्या, आणि दुसऱ्याची वाट बघू लागले. हीटरची घरघर ऐकू येत होती. कुणाची तरी बांगडी वाजली. नंतर पडदा पडला असावा, लोक उठले असावेत, ईशानं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दिवे लागलेले होते. दुसरा आला नव्हता. हे ज्यांना सांगायचं त्या माझ्यामागे उभ्या असतील म्हणून मी वळले, तर तिथे रिकाम्या खुर्च्याच होत्या. माणूस जातं, पण त्याची भीती कुणाला तरी सांभाळावी लागते. बाईंची आता माझ्याकडे आहे, आणि त्या शांततेत उभी राहून मी अजून कान देते आहे.