मिटलेल्या दारांची साक्ष

फोटोवालीला दारं आवडायची, माणसं नाही. हे ती कुणापासून लपवतही नसे. आठवडाभर थोरल्या भावाच्या स्टुडिओत उभी राहून ती ओळखपत्रांचे फोटो काढायची. हनुवटी खाली घ्या, कान दिसू द्या, हसू नका. आणि फोटो हातात पडला की ज्याचा त्याचा एकच सूर: मी असा दिसतो? असाच दिसतोस बाबा, त्याला मी काय करू, हे तिच्या जिभेच्या टोकावर यायचं आणि दादाच्या धाकानं मागं फिरायचं. दार असली कटकट करत नाही. रंग सोललेला असो, कडी वाकडी असो, आहे तसं उभं राहतं. म्हणून सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून ती शहरभर रंगवलेली दारं शोधत फिरायची. दादा म्हणायचा, लोक सुट्टीला पाहुण्यांकडे जातात, आमची ही लोकांच्या दारात जाते आणि आत न जाता परत येते.

सगळ्यात भारी दारं पाटीवाल्यांच्या गल्लीत होती. दुकानांच्या पाट्या हातानं रंगवणाऱ्यांची ही गल्ली. छापील फ्लेक्स आले आणि त्यांच्या धंद्याची माती झाली, पण हाताची खाज कुठं जाणार? उरलासुरला रंग दारावर. एकाच्या दारावर अक्षरांचे सगळे नमुने: जाड, बारीक, सावली पडलेलं. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवून विचारायचं, यातलं कुठलं? दुसऱ्या एकाच्या मिटलेल्या दारावर अर्धं उघडं दार रंगवलेलं, इतकं हुबेहूब की नवा पोस्टमन हमखास नाक आपटून घ्यायचा. आणि गल्लीच्या तोंडाशी एका म्हातारीच्या दारावर तिच्या मेलेल्या नवऱ्यानं काढलेला वाघ. त्यावरून म्हातारीला सगळे वाघाची मावशी म्हणत. आपल्याला मांजर म्हणतायत हे तिला कळत होतं. ती म्हणायची, मांजर तर मांजर, ओरबाडता येतं ना.

फोटोवालीची एक पद्धत होती. चौकटीत दार सोडून काही नको. उंबऱ्यापुढच्या चपला नकोत, बादली नको, दोरीवरचे कपडे नकोत, माणूस तर मुळीच नको. दुसऱ्या गल्ल्यांत लोक कुरकुरायचे. इथं मात्र सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांचं काम बघायला आलं होतं. तिनं सांगायचा अवकाश, त्यांनी दोऱ्या सोडल्या, बादल्या आत ओढल्या, उंबरे धुतले, पोरांना काखेत मारून दारं लावून घेतली आणि आतल्या बाजूला श्वास धरून उभे राहिले. अक्षरांच्या दारामागून एकदा दणदणीत शिंक आली, तर शिंकणाऱ्याला घरच्यांनी असं दटावलं की ते दटावणंच जास्त ऐकू आलं. मग दादानं कॉम्प्युटरवर बसून विजेचे मीटर आणि लोंबणाऱ्या तारा पुसून टाकल्या. फोटो असे झाले की बघणाऱ्याच्या घशात आवंढा यावा.

आवंढा आणायला तिनं वर ओळीही लिहिल्या. वाघाच्या दाराखाली लिहिलं, ‘आता हे दार कुणाची वाट पाहतं?’ कुणाची वाट पाहणार? आत म्हातारी दाराला पाठ लावून उभी होती आणि गुडघा ठणकतोय म्हणून फोटोवालीला मनातल्या मनात शिव्या घालत होती. पण कलेला असली माहिती चालत नाही. कलेला ओसाडपणा लागतो, आणि ओसाड काही सापडलं नाही तर जिवंत घर झाडूनपुसून ओसाड करून घ्यावं लागतं.

टाऊन हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. एका बांधकाम कंपनीनं खर्च उचलला, जाडजूड पुस्तक छापलं. रुमालानं ओठ टिपत बायाबाप्ये फोटोंपुढे उभे राहिले, ‘किती उदास, किती सुंदर’ म्हणाले. फोटोवालीचे पाय जमिनीला लागेनात.

मग एक दिवस कंपनीचा माणूस स्टुडिओत आला. गोड बोलणारा, बुटांना चकाकी. त्यानं सांगितलं की आता राजधानीत प्रदर्शन करायचं, तुमचं नाव मोठं करायचं. फक्त त्याआधी पालिकेत एक सुनावणी आहे, तिथं येऊन दोन वाक्यं बोलायची: हे फोटो माझे आहेत, आणि मी गेले तेव्हा गल्लीत कुणी दिसलं नाही.

‘कुणी दिसलं नाही म्हणजे?’ तिनं विचारलं.

‘खोटं आहे का? फोटोत कुठं कुणी दिसतंय?’

तो बोलत गेला तसा हळूहळू तिला उलगडा झाला. कंपनीला गल्लीची जागा हवी होती. निम्म्याहून जास्त घरं रिकामी निघाली तर वस्ती सोडून दिलेली धरायची आणि जागा मोकळी करायची, असा नियम होता. पालिकेच्या मोजणीवाल्यानं गल्लीत पाऊल न टाकता, पंख्याखाली बसून तिचं पुस्तक चाळलं होतं आणि शेरा मारला होता: चपला नाहीत, कपडे नाहीत, मीटर नाहीत, घरं रिकामी. लोकांनी विजेची बिलं नेऊन दाखवली, पण बिलं सगळी मेलेल्या बापांच्या आणि आज्यांच्या नावावर. ती बघून साहेब लोक उलट म्हणाले, बघा, राहणारे केव्हाच वारले.

ती तशीच उठून गल्लीत गेली. दोऱ्यांवर कपडे होते, उंबऱ्यापुढे चपला होत्या, नळावर भांडणं चालली होती. तिला बघून भांडणं थांबली. तिनं वाघाच्या दारावर थाप मारली.

‘आत कुणी नाही,’ आतून मावशीचा आवाज आला. ‘तुझ्याच पुस्तकात लिहिलंय.’

‘मावशी, मला माहीत नव्हतं हो.’

‘तुला काय माहीत असणार? इतक्यांदा आलीस, एकदा तरी आत येऊन बसलीस? ये म्हटलं की म्हणायचीस, उजेड जाईल.’

दार उघडलं नाही. शेजारचा अक्षरवाला काका बाहेर येऊन नुसता बघत राहिला. एरवी तो तिला ताई म्हणायचा. आज त्यानं उंबऱ्यापुढच्या चपला उचलून आत घेतल्या आणि दार लावून घेतलं.

दादाला तिनं सांगितलं की मी सुनावणीत खरं बोलणार. दादाचं डोकं फिरलं. पुस्तकात स्टुडिओचं नाव आहे, फोटोत खाडाखोड आपण केली म्हणून तू चारचौघांत सांगणार, मग उद्या ओळखपत्राचा फोटो काढायला आपल्याकडे कोण येईल? मीटर कुणी पुसले, मीच ना? माझ्या गळ्यात दोर अडकवतेस. ती म्हणाली, दादा, तू मीटर पुसलेस, मी माणसं पुसली, आता कुणाचा गळा वाचवायचा ते तू ठरव. दादा ताटावरून उठून गेला.

सुनावणी पालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. अधिकारी एक पोक्त बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि चेहरा सगळ्याला वैतागलेला. कंपनीच्या वकिलानं पुस्तक उघडून वाघाखालची ओळ अशी काही वाचली की मागच्या बाकावरच्या कुणीतरी सुस्कारा सोडला. मग त्यानं फोटोवालीला उभं केलं.

फोटो तिचेच, हे ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, ‘पण खोटे आहेत. चपला मी काढायला लावल्या. कपडे मी उतरवायला लावले. मीटर आम्ही पुसले. प्रत्येक दारामागे माणसं उभी होती, मीच त्यांना गप्प बसा म्हटलं होतं. आणि ती ओळ मी नुसती शोभेला लिहिली. त्या दाराला कुणाची वाट पाहायला वेळ नाही.’

बाकांवर गल्लीतली माणसं होती, ती चुळबुळली. वकील मात्र बिथरला नाही. तो असल्या कामाचा मुरलेला होता. त्यानं अदबीनं विचारलं की म्हणजे ताई, तुम्ही फोटोत लबाडी करता, असं तुम्हीच म्हणताय. ती हो म्हणाली. मग उद्या तुम्ही घाईघाईनं माणसांनी भरलेले फोटो आणून दिलेत, तर तेही खोटे का नसतील? आणि लबाडी करणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर तरी का विश्वास ठेवायचा?

तिनं आपल्याच हातानं आपला कॅमेरा निकामी केला होता. अधिकारी बाईंनी चष्मा वर ढकलला. मोजणीचा शेरा आहे, त्याच्याविरुद्ध काही ठोस असेल तर पुढच्या तारखेला आणा, म्हणाल्या. फोटो नकोत, फोटोंचा मला वीट आलाय.

बाहेर जिन्यात मावशीनं तिला गाठलं. शिव्या खायच्या तयारीनं ती उभी राहिली.

‘बोललीस बरी,’ मावशी म्हणाली. ‘पण फुकट बोललीस. ती बाई काही बघायला यायची नाही. तिला कागद हवाय.’

‘ठोस हवंय म्हणाल्या,’ फोटोवाली म्हणाली. ‘मावशी, दार रंगवायचं असलं की तुम्ही कसं रंगवता? उभ्यानं?’

‘उभ्यानं रंग ओघळतो. बिजागरीची खीळ काढायची, दार आडवं घालायचं स्टुलांवर. इतकी वर्षं फोटो काढतेस आणि एवढंही ठाऊक नाही?’

‘मग सगळ्यांची खीळ काढू या,’ ती म्हणाली.

गल्लीत त्यावर बराच कल्ला झाला. दार काढून दिलं तर घराला राहिलं काय, असं काहीजण म्हणाले. चोर येतील, कुत्री येतील, सासरे येतील. अक्षरवाला काका म्हणाला, आपल्याकडे नेण्यासारखं दारच होतं, ते आपणच नेतोय, चोर बिचारा काय नेणार? सगळे हसले आणि ठरलं.

तारखेच्या सकाळी त्यांनी एकेक खीळ काढली. पाटी रंगवणाऱ्यांचे हात, दारं अशी अलगद उतरली की जणू रोजचंच काम. टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा स्टिअरिंगवर दादा बसला होता. खाली उतरला, वाघाच्या दाराचं एक टोक धरलं आणि बहिणीला म्हणाला, ‘बघत काय उभी आहेस? उचल.’

पालिकेच्या जिन्यातून दारं वर चढली. सही घ्यायला आलेली माणसं भिंतीला चिकटली. शिपाई आडवा आला, हे काय चाललंय म्हणाला, तर मावशीनं विचारलं, ठोस आणा म्हणून कुणी सांगितलं? मग हात लावून बघ ठोस आहे का. बघता बघता सुनावणीच्या खोलीत आणि बाहेरच्या बोळात दारंच दारं उभी राहिली. रंगवलेल्या उघड्या दारातून एक कारकून घाईत बाहेर निघाला आणि त्याचं कपाळ आपटलं. बाकावरचे सगळे हसले, अधिकारी बाईंचाही ओठ हलला, पण त्यांनी तो आवरला.

वकील म्हणाला की यांनी सुनावणीचा तमाशा मांडलाय.

‘दारं आहेत,’ फोटोवाली म्हणाली. ‘तुम्ही दारांवरून घरं रिकामी ठरवलीत. ती दारं आता इथं आहेत. तिथं काय उरलंय ते बघायला कुणाला कडी वाजवायची गरज नाही, फोटोची नाही, माझ्या शब्दाची नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही विचारा.’

वकिलानं शेवटची खेळी केली. त्यानं नियम काढला की पुराव्यात दिलेली वस्तू निकाल लागेपर्यंत कार्यालयातच जमा राहते. त्याला वाटलं, घाबरतील, उचलून परत नेतील. बायका-पोरांची घरं, उघडी कशी ठेवतील?

फोटोवालीनं मागं वळून बघितलं. दार तिचं नव्हतं, त्यामुळे बोलायचा हक्कही तिचा नव्हता. मावशी उठली, वाघापाशी गेली, त्याच्या नाकावरची धूळ पदरानं पुसली.

‘घ्या जमा करून,’ ती म्हणाली. ‘पावती द्या. पावतीवर माझं नाव लिहा. मेलेल्याचं नको, माझं.’

कारकुनानं अधिकारी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, लिहा. मग एकामागून एक सगळे रांगेत उभे राहिले. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं दार. शेवटचा माणूस झाल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि मोजणीवाल्याला बोलावणं धाडलं. उद्या सकाळी मी स्वतः येतेय, तुम्हीही या, वकीलसाहेब तुम्हीही, आणि पायी.

दुसऱ्या दिवशी ते आले. चौकटी उघड्या होत्या. एका घरात पोरगी मांडीवर पाटी घेऊन पाढे म्हणत होती, दुसऱ्यात नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं आणि माणसं आली म्हणून त्यांनी ते थांबवलं नाही. अक्षरवाला काका चौकटीत बसून दाढी करत होता. फोटोवाली मावशीच्या घरात बसली होती, कॅमेरा न आणता, आणि मावशी तिच्याकडून लसूण सोलून घेत होती.

मोजणीवाला चौकटीपाशी आला. सवयीनं त्यानं हात वर केला, तर वाजवायला काही नव्हतं. हात तसाच लोंबकळला.

‘या की आत,’ मावशी म्हणाली. ‘का बाहेरूनच लिहिणार?’

तो आत आला. मागून अधिकारी बाई आल्या, खाली बसल्या, कोनाड्यातली औषधं आणि जाताना चौकटीबाहेरचा मीटर बघून गेल्या. वकील बाहेरच उभा राहिला. जाता जाता तो सलोख्याच्या सुरात म्हणाला की निकालाला वेळ लागेल, तोवर निदान पडदा तरी लावून घ्या, बरं दिसत नाही.

‘पडदा लावणार नाही,’ फोटोवाली आतून म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे बघितलं, मग वकिलाकडे. ‘ऐकलंत ना? निकाल लागेपर्यंत असंच. आमचं जेवण बघा, भांडण बघा, म्हातारीचे गुडघे चोळताना बघा. रोज या. आणि येताना त्या राजधानीतल्या लोकांनाही आणा, त्यांना म्हणे दारं बघायची आहेत.’

तिनं सोललेल्या लसणीचं ताट पुढे ओढलं आणि चुलीकडे वळली. फोटोवालीच्या हाताला वास लागला होता, तो पुसायला ती उठली नाही.