साहेबांच्या पापण्या

दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या एका वर्तमानपत्रात मनोरंजनाचं पान लावणाऱ्या हेरिनने बातमीला सरळ मथळा दिला होता, ‘अभिनेत्रीच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया’. संपादक प्यो साहेबांनी तो खोडून लिहिलं, ‘चेहऱ्यावर सुरी, बाईचं नवं सोंग!’ वर तिलाच ऐकवलं, "अगं, वाचकाला चीड आली पाहिजे." त्याच पानाच्या तळाशी पापण्या करून देणाऱ्या दवाखान्याची रंगीत जाहिरात होती. तिची साहेबांना कधी चीड आली नाही.

पुढच्याच महिन्यात साहेब रजेवर गेले आणि परतले ते काळा चष्मा लावून. चष्म्याआड डोळे टम्म सुजलेले आणि पापण्यांवर टाके.

"साहेब, पापण्या करून घेतल्या?" हेरिनने विचारलं.

"तोंड सांभाळून बोल! पापण्या डोळ्यांवर उतरत होत्या, धड दिसत नव्हतं. हा इलाज आहे, इलाज!"

"त्या बाईही हेच म्हणाल्या होत्या."

"नट्यांचं मला सांगू नकोस. त्या काय, वाट्टेल ते बोलतात."

सूज उतरल्याबरोबर साहेबांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि तिच्या टेबलावर टाकला. "शनिवारच्या माझ्या सदरावर हा लाव. जुन्यात मी झोपेतून उठल्यासारखा दिसतो."

हेरिनने फोटो बदलला, चांगला दोन कॉलम मोठा केला. त्या टपोऱ्या डोळ्यांच्या वरच सदराचं नाव नेहमीच्याच जाड अक्षरांत छापून आलं: ‘आईबापांनी दिलेला चेहरा’.