चहाचं नवं नाव

श्यामकांतांनी ध्वनिफीत दोन्ही हातांनी पुढेमागे सरकवली, शब्द जिथे सुरू होतो तिथे पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण केली आणि ब्लेड तिरकं धरून कापलं. 'दत्तकृपा' हे नाव फितीवर अकरा इंच भरत असे. तुकडा त्यांनी टेबलाच्या कडेला चिकटवला. तिथे आधीचे सोळा लोंबत होते.

"किती राहिले?" बाळ कामेरकरनं दारातून विचारलं. स्टुडिओ त्याचा होता.

"सात."

"आणि त्या जागी काय घालणारेस? तुझं नाव?"

श्यामकांतांनी पुढच्या शब्दावर खूण केली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना बहुधा दुसऱ्या दिवशी सुचत असे.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात हा स्टुडिओ होता. शेजारी पत्र्याचे डबे ठोकत, आणि वरून सहारला उतरणारी विमानं जात. त्यामुळे रेकॉर्डिंग शेजारच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत करायचं आणि विमान आलं की थांबायचं, असा इथला नियम होता. याच नियमानं गेली चौदा वर्षं 'घोटभर गप्पा' हा कार्यक्रम इथे तयार होत होता. दर रविवारी सकाळी रेडिओच्या व्यापारी केंद्रावरून तो पंधरा मिनिटं लागे. श्रोत्यांची पत्रं, दोन गाणी, आणि मधून मधून दत्तकृपा चहाचं नाव.

ती चहाची कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी चहा तोच ठेवला आणि नाव बदललं. सोनसकाळ. घाटकोपरच्या गोदामावरची पाटी उतरली, पाकिटं बदलली, टेम्पोंना नवा रंग लागला. रेडिओ तेवढा राहिला होता.

पत्रं वाचायच्या त्या नलिनी परब. आणि नेमकी त्यांच्या घशातली गाठ काढली होती. दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी बोलून ठेवलेल्या भागांपैकी चार लागायचे राहिले होते. प्रत्येक भागात सहा वेळा जुनं नाव.

"चंद्रप्रकाशचा फोन होता," बाळ आत येऊन स्टुलावर बसला. चंद्रप्रकाश नाडकर्णी हा नव्या मालकांचा जाहिरातीचा माणूस. "म्हणतो, शुक्रवारपर्यंत नवीन नावासकट भाग द्या. बाईंना जमत नसेल तर त्याच्याकडे एक मुलगी आहे. ती चारही भाग पुन्हा बोलेल. आवाज झकास आहे म्हणे."

"आणि बाई बऱ्या झाल्या की?"

"अरे, एकदा नवीन आवाज लोकांच्या कानात बसला की जुना परत कोण आणतो? वाट लागली तिची, दुसरं काय."

नलिनीबाईंच्या नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नव्हती. गुणाजी परब आता कुठे चार महिने पहारेकरी, कुठे दोन महिने काहीच नाही, असे दिवस काढत होता. मुलुंडचं घर बाईंच्या आवाजावर चालत होतं. हे श्यामकांतांना माहीत होतं, बाळलाही.

बाळ गेल्यावर श्यामकांत उठून मागच्या मांडणीकडे गेले. इतर कामांच्या फिती पुसून पुन्हा वापरत. या कार्यक्रमाच्या फिती पुसायचं मात्र त्यांच्या जिवावर येई. बाळ त्यावरून ओरडला की ते मान हलवत आणि फीत वरच्या फळीवर सरकवत. 'सकाळ' शोधायला वेळ लागला नाही. बाई दर रविवारी एकदा तरी म्हणायच्या, सकाळ झाली की आधी पाणी चुलीवर. 'सोन'साठी मात्र दीड दिवस गेला. एक सोनाबाई सापडली, पण त्यातला 'न' पुढच्या 'आ'मध्ये मिसळलेला होता, सुटेना. मग एकोणऐंशी सालच्या एका फितीत नलिनीबाई म्हणाल्या, "सोनपेठहून जानकी कदम लिहितात."

त्यांनी त्यातलं चार इंचांचं 'सोन' कापून घेतलं आणि 'सकाळ'च्या आधी जोडलं. 'स'चा सूर नीट जुळेपर्यंत एका केसाएवढी फीत तीनदा छाटली. मग यंत्र लावलं.

"सोनसकाळ चहा," नलिनीबाई म्हणाल्या.

शुक्रवारी चंद्रप्रकाश आला. तरुण होता, बोलायला मोकळा. त्यानं पहिला भाग पूर्ण ऐकला, सहाही वेळा नाव आलं तेव्हा बोटानं मांडीवर ठेका धरला.

"एकदम मस्त. बाई बोलायला लागल्या वाटतं?"

बाळनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. श्यामकांतांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि तेच तर त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं. तीस वर्षं त्यांनी जोड लपवले होते. लपले होते म्हणूनच आजवर कुणी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "ते मी जोडलंय. 'सोन' सात वर्षांपूर्वीचं आहे. 'सकाळ' मागच्या दिवाळीची."

चंद्रप्रकाशनं पुन्हा लावायला सांगितलं. कान स्पीकरजवळ नेऊन ऐकलं.

"काका, तुम्ही तर जादूगार निघालात. कळतच नाही ना."

श्यामकांतांचे कान तापले. त्यांनी ब्लेड उगाचच कापडानं पुसलं.

"म्हणजे बाई नसल्या तरी बाई बोलतात," चंद्रप्रकाश विचार करत म्हणाला. "मग पुढचे तेरा भागही असेच करा ना. चौदा वर्षांचं बोलणं पडलंय तुमच्याकडे. मुलगी नको, बाईंनाही त्रास नको. एक काम करा, मी एक वाक्य देतो, ते जोडून दाखवा. बुधवारी येतो. ते जमलं की पुढचं ठरवून टाकू."

वाक्य त्यानं तिथेच कागदावर लिहिलं. 'सोनसकाळ चहा, आता नव्या हिरव्या पाकिटात.'

तो गेल्यावर बाळ श्यामकांतांकडे वळला.

"तुला कुणी विचारलं होतं रे?" तो म्हणाला.

रविवारी कार्यक्रम लागला. सोमवारी दुपारी नलिनीबाई स्टुडिओत आल्या. गळ्याभोवती सुती रुमाल, हातात वही आणि पेन्सिल. खुर्चीवर बसताच त्यांनी लिहिलं, 'मी हे कधी म्हटलं?'

श्यामकांतांनी काय केलं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, आणि मध्येच त्यांनी एक शब्द लिहून वही पुढे केली. 'सोनपेठ?'

"ओळखलंत?"

त्यांनी मान डोलावली. हसल्याही. मग लिहिलं, 'तेव्हा आवाज चांगला होता.'

इथेच थांबावं असं श्यामकांतांना वाटलं. पण पुढचं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळणं वाईट होतं. त्यांनी शुक्रवारचं सगळं सांगितलं. स्वतः काय बोलले तेही गाळलं नाही. चंद्रप्रकाशचा कागदही दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला. बाहेर पत्रे ठोकले जात होते. त्यांनी पेन्सिल उचलली, तीन शब्द लिहिले आणि वही त्यांच्याकडे न वळवता तशीच मांडीवर ठेवली. श्यामकांतांनी ते उलटे वाचले. 'मग मी कशाला?'

"बुधवारी तुम्हीही या," ते म्हणाले.

मंगळवारी त्यांनी वाक्य जोडलं. 'हिरव्या' एका नवरीच्या चुड्यातून मिळालं, 'पाकिटात' एका आईच्या पत्रातून, जिनं मुलाचा फोटो पाठवला होता. 'आता' आणि 'नव्या' तर पोत्यानं होते. दुपारी तीनला त्यांनी यंत्र लावून ऐकलं. नलिनीबाई एका दमात, हसऱ्या आवाजात ते वाक्य म्हणाल्या. जोड कुठेच नव्हता. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्यांनी ते एकदाच ऐकलं, फीत मागे घेतली आणि ब्लेड पुन्हा उचललं.

बुधवारी चंद्रप्रकाश वेळेवर आला. नलिनीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. बाळ दाराशी उभा होता. श्यामकांतांनी बटण दाबलं.

"सोनसकाळ चहा," इथवर ठीक होतं. मग 'आता' एकदम मोठ्यानं आलं, 'नव्या'चा श्वास मध्येच तुटला, आणि 'हिरव्या' कुणी विहिरीतून बोलावं तसं उमटून टक्कन 'पाकिटात'वर आदळलं.

चंद्रप्रकाशनं तोंड वाकडं केलं. "हे काय काका? बाईंना उचकी लागल्यासारखं वाटतंय. त्या दिवशीचं तर काय सुंदर होतं."

"ते नशिबानं जमलं," श्यामकांत म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी सकाळपासून मनात घोळवलं होतं. "एखादं नाव जमतं. आख्खं वाक्य नाही जमत. आणि हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

"बाळसाहेब, तुम्ही कुणीतरी तरुण माणूस बघा बुवा एडिटिंगला."

बाळची नजर श्यामकांतांवर होती. अठरा वर्षांत त्यानं या टेबलावरून असा जोड बाहेर गेलेला ऐकला नव्हता. त्यानं हनुवटी खाजवली.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

चंद्रप्रकाशनं घड्याळ पाहिलं, मग नलिनीबाईंकडे. "बाई, तुम्हाला बोलायला केव्हा परवानगी आहे?"

त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं उघडली आणि एक मिटलं.

"नऊ दिवस. आणि तयार भाग अजून तीन आहेत," बाळ म्हणाला. "खंड पडत नाही."

"मग ठीक आहे. तुम्हीच या. हे कापाकापीचं काही खरं नाही." त्यानं वाक्याचा कागद नलिनीबाईंच्या हातात दिला. "आवाज थोडा बसका आला तरी चालेल, लोक समजून घेतील."

बाळ त्याला सोडायला खाली गेला. श्यामकांत यंत्रावरची फीत उतरवू लागले. एरवी सहज निघणारी चकती आज दोनदा अडकली. पाठीमागे पेन्सिलीचा आवाज झाला. नलिनीबाई उठून जवळ आल्या, वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि श्यामकांत चष्मा लावेपर्यंत थांबल्या.

'तिसरा जोड जरा जास्तच बिघडवलात.'