समाधी लागलेली कोंबडी

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती, आखीव रेषांच्या लाकडी जमिनीवर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर स्टेज, स्टेजमागे पडदा आणि पडद्यावर रंगवलेले दोन भलेमोठे डोळे. त्या डोळ्यांखाली अभयबाबा बसले होते. त्यांच्या हातात एक पांढरी कोंबडी होती आणि ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"ऐका," बाबा म्हणाले, "हा आवाज तुमचाच आहे. नोकरीचं भय, म्हातारपणाचं भय, शेजारणीकडे मोठा फ्रीज आला त्याचं भय. भयातून रोग, रोगातून औषध, औषधातून पुन्हा भय. आता बघा."

त्यांनी कोंबडी टेबलावर उताणी केली, छातीवर तळहात दाबून धरला, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि अलगद हात काढून घेतला. कोंबडी तशीच पडून राहिली. पाय वर, मान वाकडी, डोळे उघडे. एवढ्या गर्दीत ती ना पळाली, ना ओरडली.

"समाधी," बाबा कुजबुजले. कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली, कारण माईक उत्तम होता.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक गृहस्थ गालातल्या गालात हसत होते. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दूधवाला नुसतं 'आज दूध दाट आहे' म्हणाला तरी ते पुरावा मागत, म्हणून गल्लीत त्यांना पुरावा सर म्हणत. हे नाव कुचेष्टेने पडलंय, एवढं सोडून त्यांना जगातलं सगळं कळत असे.

सर आले होते ताईसाठी. आई गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून ज्या बहिणीने त्यांना शिकवलं, ती आज पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. ताईचा रक्तदाब जुना होता आणि रोजच्या गोळीवर तिचं सगळं नीट चाललं होतं. बाबांनी तिला सांगितलं होतं, भय गेलं की दाब गेला, गोळी सोडून दे. ताईचं मन अजून मागेपुढे होत होतं.

सरांचा सिद्धांत तयार होता. कोंबडीला अफू चारली जाते. सकाळीच चहा पिताना त्यांनी तो बायकोला ऐकवला होता. बायको दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, "अहो, अफू खाल्लेली कोंबडी आधी एवढी ओरडेल कशी?"

"तुला यातलं कळत नाही," सर म्हणाले आणि बाजारातून एक धडधाकट तपकिरी कोंबडी विकत घेऊन, पिशवीत घालून हॉलवर हजर झाले होते.

आता ते उठले. "ही कोंबडी मी आणलीय," पिशवी उंच धरून ते म्हणाले. "हिच्या पोटात फक्त बाजारातले दाणे आहेत. हिला लावा समाधी."

सगळ्या माना मागे वळल्या. बाबा हसले. "ये बाळ, वर ये."

पुढे जे झालं ते सरांना आठवलं की अजूनही कान गरम होतात. तपकिरी कोंबडी पांढरीपेक्षाही लवकर उताणी पडली आणि पांढरीपेक्षाही जास्त वेळ पडून राहिली. "पुरावा मागणारे स्वतःच पुरावा घेऊन आले," बाबा म्हणाले, आणि टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्या टाळ्यांत ताई उठली, पर्समधली गोळ्यांची पाकिटं काढली आणि स्टेजजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

घरी परतताना तिने भावाच्या हातावर मायेने हात ठेवला. "तुझ्यामुळे माझी शंका फिटली रे," ती म्हणाली. बाबांना गेले कित्येक आठवडे जे जमलं नव्हतं, ते सरांनी एका संध्याकाळी करून दाखवलं होतं.

पुढच्या आठवड्यात बायको ताईचा दाब मोजून आली. पट्टा पिशवीत ठेवताना तिचा चेहरा उतरला होता. "आकडा सांगत नाही, तुम्ही उगाच आरडाओरडा कराल," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर झटका कधीही येईल. त्यांचं सोडा, ताई तर तुमचंही ऐकत नाहीत. तुम्ही गेल्या वेळी काय दिवे लावलेत ते माहीत आहेच."

सरांना खरोखर भीती वाटत होती. ताईला काही झालं असतं तर त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

तपकिरी कोंबडी तोवर त्यांच्या न्हाणीघरात मुक्कामाला होती. साबणाच्या वडीवर तिने चोच मारली होती आणि बादलीच्या काठावर बसून ती सरांना अंघोळ करू देत नव्हती. अपमानाची ही जिवंत आठवण परत द्यावी म्हणून सर तिला पकडायला गेले. कोंबडी बादलीवरून नळावर, नळावरून सरांच्या डोक्यावर. तांब्या गडगडला, सर घसरले, आणि पडता पडता त्यांनी कोंबडीला उताणी दाबून धरलं. दम खात ते जाड चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिले. मग कमरेला हात लावायला त्यांनी हात उचलला.

कोंबडी हलली नाही.

दारात बायको उभी होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बाबा, आशीर्वाद द्या."

सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांची नजर हटताच कोंबडी पंख फडफडवत उठली. सरांनी तिला पुन्हा उताणी केली. डोळे रोखले, की पडून. नजर वळवली, की थोड्याच वेळात उठून पसार. ओल्या फरशीवर बसलेल्या सरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि त्याबरोबर शरमही वाटली. हा धडा ते दरवर्षी शिकवत होते. तळ्यात माशांचा नुसता वास आला तरी पाणपिसू नावाच्या इवल्याशा जिवाच्या अंगावर काटे वाढतात, शिकाऱ्याचा नुसता आवाज ऐकून चिमण्या कमी अंडी घालतात, आणि तावडीत सापडलेलं पाखरू मेल्याचं सोंग घेतं. परीक्षेत हमखास प्रश्न. त्यांच्या हाताखालच्या ढ विद्यार्थ्यानेही तो सोडवला असता. फक्त सरांनी आयुष्यात कधी कोंबडी हातात धरली नव्हती.

दोघं कोंबडी घेऊन ताईकडे गेली. कपडे कापायच्या टेबलावर सरांनी कोंबडी उताणी केली, टक लावून पाहिलं आणि विजयी मुद्रेने हात काढला. ताईचे डोळे भरून आले. ती वाकून भावाला नमस्कार करू लागली. "बाबांनी तुझ्यातही शक्ती घातली," ती म्हणाली.

सरांनी कपाळाला हात लावला. बायको मात्र पुढे झाली. "ताई, आता तुम्ही करा," ती म्हणाली.

ताईने भीत भीत कोंबडी धरली, दाबली, सोडली. कोंबडी पडून राहिली. ताई आपल्या सुया टोचलेल्या बोटांकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्यातही?"

"तुझ्यात, माझ्यात, हिच्यात आणि गल्लीतल्या बोक्यातही," सर म्हणाले. "बोक्यात जरा जास्तच. ताई, सुटायची वाट बंद झाली की ती मेल्याचं सोंग घेते. मेली समजून शिकाऱ्याची पकड ढिली पडली, तर पळता येतं. आणि शिकारी डोळे रोखून बसला असेल तर ती हूं की चूं करत नाही."

भिंतीवर अभयबाबांची तसबीर होती, अर्धी तसबीर नुसत्या डोळ्यांनी व्यापलेली. सरांनी ती काढून कोंबडीच्या तोंडासमोर उभी केली आणि तिघांनी तोंडं फिरवली. कोंबडी पडूनच राहिली. तसबीर पालथी घातली, तिघांनी पुन्हा तोंडं फिरवली, आणि थोड्या वेळाने मागे पंखांची फडफड ऐकू आली. ताईने हे स्वतः पुन्हा करून पाहिलं, आणि या वेळी कोंबडीच्या पायांवर बोट ठेवलं.

"ही थरथरतेय रे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे ती शांत नव्हतीच."

"नाही. भ्यायलेली होती."

ताईने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा माझ्याकडे बघायचे ना, तेव्हा माझे हात गार पडायचे. तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी म्हणायचे, केवढी शांतता." तिने कोंबडीला उचलून सरळ केलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पाणी आण," ती भावाला म्हणाली. बायकोने पर्समधून गोळ्यांचं नवं पाकीट काढून आधीच टेबलावर ठेवलं होतं.

पुढच्या सभेत सर भाषण तयार करून गेले होते. ताईने त्यांना "बस खाली" म्हटलं आणि स्वतः स्टेजवर चढली. तिने बाबांच्याच पांढऱ्या कोंबडीला समाधी लावली. बाबा सावरून म्हणाले, "माझ्या सान्निध्याची कृपा."

"असेल," ताई म्हणाली. "जरा तिकडे तोंड करा. आणि कुणीतरी तो पडदा खाली घ्या."

पडदा घसरला, ताईनेही कोंबडीकडे पाठ केली. बाबा गर्दीकडे वळून काहीतरी हसण्यावारी नेऊ लागले, तेवढ्यात कोंबडी उठली आणि फडफडत माईकवर जाऊन बसली. माईक उत्तम होता, त्यामुळे तिचं म्हणणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

हशा ओसरल्यावर ताई बोलली. "मला शास्त्र कळत नाही. एवढं कळलं, की ज्याच्यापुढे आपली बोलती बंद होते त्याच्यापुढे शांत वाटलं म्हणून औषध टाकायचं नसतं. डॉक्टरला विचारा. बाबालाही विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याला सोडा." काही जण तिच्यामागोमाग बाहेर पडले, काही बसून राहिले. पण पुढच्या महिन्यात हॉलमध्ये पुन्हा बॅडमिंटन सुरू झालं.

तपकिरी कोंबडी सरांकडेच राहिली. तिला परसात खुराडं केलं, भारीतला दाणा आणला, तरी ती अंडं घालेना. सरांनी दाणा बदलला, पाणी बदललं, दोन पुस्तकं चाळली. शेवटी विद्यार्थ्यांना काही दिवस सहलीला नेऊन ते परतले, तर बायकोने वाटीत अंडं पुढे केलं.

"तुम्ही गेलात आणि हिने सुरू केलं," ती म्हणाली.

सरांनी सवयीप्रमाणे पुरावा मागितला. मग काही दिवस घरी राहून आणि काही दिवस बाहेर राहून त्यांनी तो स्वतःच गोळा केला. त्यात शंकेला जागा नव्हती. कोंबडीच्या लेखी न्हाणीघरातला तो चष्मेवाला बोका अजून घरातच होता.

तेव्हापासून सर परसातून जाताना चष्मा काढतात, मान खाली घालतात आणि चपला हातात घेतात. कोंबडी आता थोडी ओरडते, थोडी भांडते, मध्येच त्यांच्या पायाला चोच मारते. सरांना त्याचा फार आनंद होतो. ताईला ते रोज सकाळी फोन करून गोळी घेतली का विचारतात, आणि ताई त्यांना रोज खडसावून विचारते, "तू स्वतःचा दाब कधी तपासलास? पुरावा दाखव."