जळजळीची नोंदवही

पित्त कुणाला होत नाही? पण आमच्या ह्यांचं पित्त म्हणजे घरातलं तिसरं माणूस होतं. जेवण झालं की अर्ध्या तासात छातीत जळायला लागायचं, घशाशी आंबट यायचं, आणि मग हे खुर्चीत ताठ बसून भिंतीकडे बघत राहायचे. काय होतंय म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "काही नाही." चौतीस वर्षं मी हे "काही नाही" ऐकत आले.

त्यात लेकीनं आम्हा दोघांना बोटीची सफर काढून दिली. आठ रात्री, नऊ दिवस. खोलीला खिडकी, खिडकीत समुद्र. खरं सांगते, मला त्या बोटीचं मुळीच कौतुक नव्हतं. ती म्हणे अकरा मजली आहे, तिच्यावर पोहायचा तलाव आहे. पाण्यावर तरंगताना आणखी पाणी कशाला हवं, ते मला कळलं नाही. मला नऊ दिवस हे हवे होते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही. हे लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्ट काय सणवार बघून बंद पडते? आधी ह्यांची ड्यूटी, मग सासूबाईंचं अंथरूण, मग लेकीचं शिक्षण. कामावरून निवृत्त झाले तरी जुन्या इमारतींचे फोन यायचेच. नऊ दिवस फोन नाही, दारावरची बेल नाही, शेजारी हे. एवढंच मागणं होतं माझं.

म्हणून मी ह्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, पोटातलं ॲसिड वर येतंय. सकाळी उपाशीपोटी गोळी, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच करायची. आणि एक वही ठेवायची. काय खाल्लं, कधी खाल्लं, किती जळलं. सहा आठवड्यांनी, निघायच्या आधी, ती वही दाखवायची.

वही म्हटल्यावर हे पहिल्यांदा जरा खुलले. लिफ्टला अशीच नोंदवही असते ना. घरी येऊन पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले. तारीख, वेळ, भार, उपस्थित, दोष, उपाय.

"भार म्हणजे?" मी विचारलं.

"जेवण."

"आणि उपस्थित? तुम्हाला काय सभा भरवायची आहे?"

"लिफ्ट अडकली की आत कोण होतं, तेही लिहितात. त्याशिवाय दोष सापडत नाही." मग पेन्सिलीला टोक करत म्हणाले, "वहीत खोटं लिहायचं नसतं. नाहीतर कुणाचा तरी जीव जातो."

मी हसले. मीसुद्धा काही कमी नाही. कपड्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासनीस होते. शर्टांचा ढीग समोर यायचा, आणि एक टाका उसवलेला असला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. कारागीर बायका मला मागे काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. म्हणू देत. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही.

तर ह्यांचं पित्त मी हातात घेतलं. टोमॅटो, कांदा, लिंबू, कॉफी, चॉकलेट, तळण, सगळं घराबाहेर काढलं. जेवायला लहान ताट आणलं. ह्यांनी पलंगाखाली लाकडाचे ठोकळे घातले, आणि मी रोज पहाटे पायथ्याशी घसरलेली सापडायला लागले. तेही मी चालवून घेतलं. पण जेवताना मात्र माझं डोळ्यांत तेल घालून लक्ष असायचं. एक घास बत्तीस वेळा चावायचा.

"अगं, गिळू दे की आता."

"एकोणीस झाले. अजून तेरा."

"मोजतेस कशाला?"

"तुम्ही मोजत नाही म्हणून. पाठ सरळ करा. पाणी आत्ता नको. आणि ते मीठ कुणी घेतलं?"

हे मुकाट्यानं चावायचे. इतकं करून जळजळ होतीच. पहिले दोन आठवडे मी वही रोज बघत होते. उकडलेलं खाऊनही दोष तीन, दोष चार. पाच म्हणजे असह्य, असं ह्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मी आणखी पदार्थ बंद केले. दूध बंद, डाळ कमी. पण उपयोग शून्य.

मग लेकीचा पाय मोडला आणि मी अकरा दिवस तिच्याकडे गेले. जाताना सगळं लिहून फ्रिजवर लावलं. दिवसातून तीनदा फोन करायचे. काय खाल्लं? "भात, दुधी." जळलं? "काही नाही." परत आले ती बोटीच्या तयारीलाच लागले. ह्यांच्या चार पँटी कमरेत दीड-दीड इंच सैल केल्या, पोटावर दाब नको म्हणून. उतरती उशी शोधत चार दुकानं फिरले. तीन उशा परत केल्या, एकीचा फोम दबत होता, एकीचा उतार चुकीचा, एकीची शिवण तर बघवत नव्हती. चौथी घेतली, तर तिनंच अर्धी बॅग खाल्ली. माझे कपडे मी कमी केले. या सगळ्या धांदलीत वहीकडे बघायचं राहून गेलं.

निघायला पाच दिवस होते. दवाखान्याची वेळ साडेदहाची. आम्ही चपला घालत होतो आणि ह्यांचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत एक गरोदर बाई. नवा मेकॅनिक तासाभरानं येणार.

"तूच जा," हे हत्यारांची पिशवी उचलत म्हणाले. "वही दाखव. त्या काय म्हणतात ते ऐकून ये."

वही टेबलावरच होती. ह्यांनी स्वतःच्या हातानं मला दिली.

दवाखान्यात माझ्या आधी सात माणसं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एक हलला की सगळे हलायचे. बसल्या बसल्या मी वही उघडली. आधी नेहमीसारखं अक्षर बघितलं. मग माझ्या अकरा दिवसांचं पान आलं.

"दोन अंडी, कांदा, मिरची, तळलेले बटाटे. उपस्थित: कोणी नाही. दोष: ०."

"कॉफी दोन कप, चॉकलेट. उपस्थित: कोणी नाही. दोष: ०."

"रात्री पावणेअकरा, टोमॅटो घालून भात, लोणचं. लगेच झोपलो. ठोकळे काढले. उपस्थित: कोणी नाही. दोष: ०."

मला आधी आला तो संताप. मी फोनवर विचारत होते आणि हा माणूस दुधी सांगत होता. माझी पाठ वळली नाही तोच ठोकळेसुद्धा काढले. म्हटलं, घरी जाऊ दे, बघतेच. ही जित्याची खोड. मी रागारागानं पुढचं पान उलटलं, आणि माझा हात थांबला.

कारण माझं काम मला येतं. एक ढीग चांगला निघाला आणि दुसरा खराब निघाला, तर दोन्ही ढिगांत काय वेगळं आहे ते बघायचं. कापड वेगळं, दोरा वेगळा, मशीन वेगळं, का हात वेगळा. इथे चांगल्या ढिगात सगळं विष होतं आणि जळजळ नव्हती. खराब ढिगात उकडलेला दुधी. मी पहिल्या पानापासून परत बघत आले, बोट लावून, ओळ न ओळ.

"उपस्थित: ही. दोष: ३." "उपस्थित: ही. दोष: ४." "उपस्थित: ही, लेक, जावई. दोष: २." "उपस्थित: ही (गॅलरीत फोनवर). दोष: १." एका जुन्या मित्राबरोबर बाहेर तळलेलं खाल्लं तेव्हा शून्य. आणि मी परत आल्यानंतरच्या एका दिवशी, "उपस्थित: ही (ताप, झोपून). दोष: ०."

तो दिवस मला चांगला आठवत होता. ह्यांनी मला सूप करून दिलं होतं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि पलंगापाशीच खुर्ची ओढून जेवले होते. माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. मी पडल्या पडल्या बघत होते आणि मनात म्हणत होते, बोटीवर असंच असेल.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. सहा आठवडे मी घरातल्या एकेका डब्याची झडती घेत होते. मला इतकं वाईट वाटलं की शेजारची बाई विचारायला लागली, पाणी देऊ का. मी म्हटलं, "काही नाही."

आत गेले. डॉक्टरीणबाईंनी वही भराभर चाळली आणि त्याच पानावर थांबल्या. "अरे वा. हे अकरा दिवस एकदम छान गेलेत की. खाणं तर सगळं उलटंच दिसतंय. काय वेगळं केलं होतं?"

"मी नव्हते घरी," मी म्हणाले.

बाई मोठ्यानं हसल्या. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, ताणानं पुष्कळांना वाढतं, औषध तेच चालू ठेवा, जेवताना शांतता असू द्या. समुद्रावर जाताय ते उत्तमच, हवापालट होईल. मी वही घेतली आणि बाहेर आले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मी एक फोन केला, मग घरी आले.

हे आधीच येऊन मोरीत हात धूत होते. ग्रीस जात नव्हतं, साबणाच्या चुऱ्यानं घासत होते.

"सुटली का ती बाई?"

"सुटली. घाबरली होती, बाकी ठीक." नळ बंद केला. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

मी वही उघडून त्या पानावर बोट ठेवलं. हे चष्मा शोधायलाही गेले नाहीत. कुठलं पान आहे ते त्यांना माहीत होतं.

"मला वाटलं, तू केव्हाच वाचलंयस," हे म्हणाले. "तू सगळं तपासतेस. आल्यापासून तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही..."

"म्हणजे अडीच आठवडे तुम्ही वाट बघताय? मी काय म्हणते त्याची?"

"हं."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? इतकी वाईट आहे मी?"

"वाईट नाहीस गं. तू इतकं करतेस. तुझ्याइतकं कुणी करणार नाही." हे हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी. "तू बोलायला लागलीस की मला वाटतं, आता माझं काय चुकलं. पानावर बसलो की वाटतं. दारात तुझी चप्पल वाजली की वाटतं. बाकी काही नाही."

"कधीपासून?"

हे नखांतलं ग्रीस पुसायला लागले. फोनवर दुधी सांगणाऱ्या ह्यांना समोर उभं राहून खोटं सांगता आलं नाही, आणि मला त्या वेळी ते फार हवं होतं.

मला ओरडायचं होतं. तुमच्या पँटी कुणी सैल केल्या, तुमच्या आईचं कुणी केलं, असं सगळं ओठांवर आलं होतं. पण ह्यांच्या खांद्यांकडे लक्ष गेलं. ते वर चढले होते, मार चुकवायला चढतात तसे. मी आजवर ह्यांच्यावर कधी हात उचललेला नाही. तरी ते खांदे तसे होते, आणि मी ते इतकी वर्षं "पाठ सरळ करा" म्हणत बघत आले होते.

"मी नाही येत बोटीवर," मी म्हणाले. "तुम्ही एकटे जा."

आणि मी थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, वेड लागलंय का तुला. निदान रागावतील. मी मनातल्या मनात हो म्हणायच्या तयारीत उभी होते. हे एकदा नुसतं "चल" म्हणाले असते, तरी मी गेले असते आणि नऊ दिवस तोंडाला कुलूप घातलं असतं. देवाशप्पथ घातलं असतं.

ह्यांनी टॉवेल दांडीवर टाकला, नीट पसरला. "लेकीला काय सांगायचं?"

"तिचा पाय अजून बरा नाही. तिच्याजवळ राहते म्हणेन."

"हं." मग हे हळूच म्हणाले, "ती खोली एकट्या माणसाला देतात का?"

"देतात. येताना विचारून घेतलं मी."

"आणि जेवण? किती वाजता असतं तिथे?"

"तुम्हाला हवं तेव्हा," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. खांदे खाली आले होते. चेहरा इतका मोकळा दिसत होता, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत गेले आणि बॅगेतून माझे कपडे काढायला लागले. फार नव्हतेच.